चौघींचं बँकॉक

‘ताई, आम्ही चौघी इंजिनिअरिंगला पुण्याच्या होस्टेलवर एका खोलीत होतो. आता वय २८. तिघी आयटीत आहेत. मी बाबांच्या आजारपणामुळे नाशिकला परतले आणि एका पॉलिटेक्निकमध्ये तासिका तत्त्वावर शिकवते. एकीचं फेब्रुवारीत लग्न आहे, म्हणून त्याआधी नोव्हेंबरात पाच रात्री बँकॉकला जायचं ठरतंय. चौघींचाही हा पहिलाच परदेश. एकीने एक्सेलमध्ये तासातासाचा कार्यक्रम केलाय, त्यात पट्टायाही आहे. दुसरीला फक्त खरेदी हवी. जिचं लग्न आहे तिला रात्रीचं शहर बघायचंय. मी अंडंही खात नाही. आई म्हणते, “बँकॉकला चांगल्या घरच्या मुली कशाला जातील?” आणि माझ्याकडे त्यांच्याइतके पैसे नाहीत, हे मी अजून कोणाला बोललेले नाही. जाऊ की नको? गेले तर माझ्यामुळे त्यांच्या आनंदावर विरजण पडेल का?’
– एक वाचक, नाशिक

प्रिय नाशिककर,

जा. फेब्रुवारीनंतर चौघींच्या सुट्ट्या पुन्हा एका आठवड्यात बसवणं किती कठीण होतं ते मी पाहिलंय. कोणाचं सासर, कोणाचं बाळंतपण, कोणाच्या आईचं ऑपरेशन. आम्ही पाच जणी २०११ साली बँकॉकला गेलो होतो. त्यानंतर पाचही जणी एका टेबलाशी बसलो त्या फक्त दोनदा.

पण तिकिटं काढायच्या आधी, म्हणजे ह्याच आठवड्यात, पैशांचं बोलून टाक. तुझ्या पत्रात ते सगळ्यात शेवटी आलंय, आणि मला वाटतं तुझी झोप तेच उडवतंय. ग्रुपवर सरळ लिही: ‘विमान आणि हॉटेल सोडून माझ्याकडे पाच दिवसांसाठी २० हजार रुपये आहेत. त्यात बसेल असं आपण ठरवूया. एखाद्या दिवशी तुम्हाला महागातलं काही करायचं असेल तर करा, मी तेवढा वेळ दुसरीकडे जाईन आणि रात्री भेटू.’ एवढंच. त्यात माफी नको, बाबांच्या आजारपणाचा उल्लेख नको, ‘तुम्हाला चालेल ना’ नको. आकडा मात्र हवाच. ‘जरा बजेटमध्ये करूया’ असं म्हटलंस तर प्रत्येकीच्या मनात वेगळा आकडा येईल. ज्या मुलींनी चार वर्षं तुझ्याबरोबर मेसचं जेवण वाटून खाल्लं, त्यांना हा आकडा खटकणार नाही. त्यांना खटकेल ते तिसऱ्या दिवशी तू कारण न सांगता गप्प बसलीस तर.

आणि २० हजारांत भागतं. बाट आपल्या पावणेतीन रुपयांच्या आसपास धर, म्हणजे तुझ्याकडे सात हजारांवर बाट झाले. राजवाड्याचं, म्हणजे ग्रँड पॅलेसचं, तिकीट ५०० बाट, वाट फो ह्या देवळाचं ३००, वाट अरुण ह्या देवळाचं २००. हे तीन मोठे खर्च एकाच दिवशी होऊन जातात. पुढे रस्त्यावरचं किंवा मॉलच्या फूड कोर्टातलं जेवण शंभर बाटांच्या आतबाहेर मिळतं. नदीवर नारिंगी झेंड्याची बोट असते, तिचं तिकीट पंधरा-वीस बाट. विमानतळावरून फाया थाय स्टेशनपर्यंत रेल्वे येते, तिला पन्नासच्या आत लागतात आणि अर्ध्या तासात शहरात पोचवते. हे शहर कमी पैशांत फिरणाऱ्यालाही फार मानाने वागवतं.

पोचल्यावर प्रत्येकीने २,००० बाट एका पाकिटात टाका. कॉलेजात कॉन्ट्री काढायचात तशी. ट्रेन, बोट, टॅक्सी, पाणी आणि चौघींनी एकत्र बसून केलेलं जेवण त्यातून. खरेदी, मसाज, दारू जिची तिने. पाकीट रोज वेगळीकडे द्या, म्हणजे रोज एकीला कळतं की पैसे कुठे जातात. आणि एटीएममधून रोज थोडे थोडे काढू नका, परदेशी कार्डाला तिथे दर वेळी दोनशेहून जास्त बाट शुल्क पडतं. दुकानादुकानांत क्यूआर दिसेल, पण आपलं यूपीआय तिथे चालेल असं धरून जाऊ नका.

आता माझ्याकडून घडलेलं सांगते, कारण तुला जो सल्ला द्यायचाय तो मला त्यातूनच मिळाला.

पहिल्या दिवशी सकाळी साडेनऊला आम्ही पाच जणी राजवाड्याच्या पांढऱ्या भिंतीच्या कडेने चालत होतो. समोरून एक गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्रासारखं काहीतरी, हातात घडी केलेला नकाशा. अतिशय अदबीने म्हणाले, आज राजवाड्यात प्रार्थना आहे, एक वाजेपर्यंत बंद. तोवर दुसरी देवळं बघून या, सरकारी टुकटुक आहे, पाच जणींचे मिळून फक्त २० बाट. आमच्या नकाशावर त्यांनी निळ्या पेनाने तीन गोल काढून दिले. टुकटुकने आम्हाला एका छोट्या रिकाम्या देवळापाशी सोडलं. तिथे दुसरे एक गृहस्थ ‘सहज’ भेटले आणि बोलता बोलता म्हणाले की रत्नांच्या निर्यातीची सवलत आहे, आज शेवटचा दिवस. तिसरा गोल होता दागिन्यांच्या दुकानाचा. एसी, थंड पाणी, मखमली ट्रे. आमच्यातल्या एकीने बहिणीच्या लग्नासाठी नीलमचा सेट घेतला, २२,००० बाटांचा. परत आल्यावर ठाण्यातल्या तिच्या नेहमीच्या सोनाराने भिंग लावून पाहिलं, भिंग खाली ठेवलं आणि ‘कुठून घेतलंत?’ एवढंच विचारलं. सांगितलेल्या किमतीच्या चौथाईचाही माल नव्हता.

पैसे गेल्याचं दुःख सहा महिन्यांत ओसरलं. पण ‘चल ना, वीसच बाट आहेत’ हे वाक्य मी बोलले होते. ती माझ्याशी दीड वर्ष बोलली नाही.

राजवाड्याचं दार आमच्यापासून दोनशे पावलांवर होतं. माणसं आत जात होती. पाचातली एक जण जरी कोपऱ्यापर्यंत चालत गेली असती तर दिसलं असतं. मी एकटी असते तर नक्की गेले असते. पण पाच जणी होतो, म्हणून प्रत्येकीला वाटलं की दुसरीने विचार केला असेल. मैत्रिणींबरोबरच्या प्रवासात ही गोष्ट फार सांभाळावी लागते. घोळक्यात आपण एकमेकींच्या भरवशावर डोळे मिटून चालतो. ही ‘आज बंद आहे’ची थाप तिथे फार जुनी आहे आणि आजही चालते. राजवाडा रोज सकाळी साडेआठला उघडतो, तिकीटविक्री दुपारी साडेतीनला थांबते. क्वचित राजघराण्याच्या समारंभामुळे काही भाग बंद असतो, तो अधिकृत संकेतस्थळावर आदल्या रात्री बघता येतो. रस्त्यात कोणी काहीही सांगितलं तरी दारापर्यंत जायचंच.

म्हणून चौघींनी एकमेकींना हा शब्द द्या: बरोबर जायचं, पण प्रत्येकीने आपापलं बघायचं. प्रत्येकीचं स्वतःचं सिम. प्रत्येकीच्या पर्समध्ये हॉटेलचं थाई लिपीतलं कार्ड, पासपोर्टची प्रत, आणि सामायिक पाकिटाबाहेरचे हजार बाट. प्रत्येकीला आपलं स्टेशन आणि सोय तोंडपाठ. ‘सोय’ म्हणजे तिथली गल्ली. सुखुमवित रस्त्यावर विषम सोया एका बाजूला आणि सम दुसऱ्या बाजूला असतात, पण आकडे समोरासमोर जुळत नाहीत. ५५ नंबरची थाँग लो गल्ली ३८ नंबरच्या समोर येते. ‘३८ आलं म्हणजे ३९ समोरच असेल’ असं धरून रात्री चालत सुटलात तर पाय मोडतील. हॉटेल घेताना चकचकीत फोटोंपेक्षा स्कायट्रेनच्या स्टेशनपासून पाच मिनिटांचं अंतर बघा, त्या शहरात खरी चैन तीच आहे. संध्याकाळी पाचनंतर रस्ते असे तुंबतात की टॅक्सीत बसलेल्यांपेक्षा पुलावरून गेलेली ट्रेन आधी पोचते. टॅक्सी लागलीच तर अ‍ॅपवरून मागवा. रस्त्यावरची घेतलीत तर मीटर टाकायला सांगा, तो ३५ बाटांपासून सुरू होतो. ‘मीटर नाही, तीनशे’ म्हणाला तर हसून दार लावा आणि पुढची थांबवा.

एक्सेलवाल्या मैत्रिणीचा अपमान करू नका. तिने तासन्‌तास बसून ते केलंय आणि तिच्याशिवाय तुमची तिकिटंही निघणार नाहीत. पण तिला म्हणावं, रोजची एकच गोष्ट चौघींनी मिळून करायची, तीही शक्यतो सकाळी. उरलेला दिवस मोकळा: जिला जे हवं ते, दोघी दोघींनी किंवा एकटीने. रात्रीचं जेवण पुन्हा चौघींनी. पट्टाया काढून टाका. जायला दीडशे किलोमीटर, यायला दीडशे, पाच दिवसांतला एक गाडीत जातो आणि हाती लागतो तो एक गर्दीचा किनारा. कोकणचा समुद्र पाहिलेल्या मुलींना त्याचं फार अप्रूप वाटेलसं मला वाटत नाही. शहराबाहेर जायचंच असेल तर आयुथयाला जा. उत्तरेला ऐंशी किलोमीटर, साध्या ट्रेनचं तिसऱ्या वर्गाचं तिकीट वीसेक बाटांचं. आयुथया म्हणजे अयोध्या. बँकॉकच्या आधीची मोठी राजधानी, १७६७ साली ब्रह्मदेशाच्या सैन्याने उद्ध्वस्त केली. विटांचे उघडे स्तूप, मुंडकी उडवलेल्या बुद्धांच्या रांगा, आणि एका झाडाच्या मुळांनी कवेत घेतलेला बुद्धाचा चेहरा. तिथे फोटो काढताना खाली बसायचं असतं, आपलं डोकं त्या चेहऱ्याहून वर जाऊ नये म्हणून.

एक सकाळ मात्र कोणी कितीही कुरकुर केली तरी चौघींनी मिळून घालवा, ती राजवाड्याची. साडेआठला दारात हजर राहा, दहानंतर ऊन आणि टुरिस्ट बसेस एकदमच येतात. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. साधी कॉटनची सलवार आणि ओढणी उत्तम. बूट पटकन काढता येतील असे घाला, दिवसभरात दहा वेळा काढावे लागतात. आत पाचूच्या बुद्धाचं देऊळ आहे. मूर्ती उंच चौथऱ्यावर आहे आणि जेमतेम ६६ सेंटीमीटरची, नीट बघावं लागतं. तिची वस्त्रं वर्षातून तीनदा बदलतात, उन्हाळा, पावसाळा, हिवाळा. राजा स्वतः बदलतो. आपल्या देवांना थंडीत शाल पांघरतात ते आठवलं मला.

पण खरा वेळ द्या तो भोवतीच्या ओवऱ्यांना. भिंतीवर अख्खं रामायण रंगवलंय, १७८ चित्रं, देवळाला उजवी घालून क्रमाने बघत जायचं. ते म्हणतात रामकियेन. रावणाला तिथे ‘तोसकान’ म्हणतात, म्हणजे दशकंठ. हनुमान शुभ्र पांढरा आहे आणि ब्रह्मचारी मुळीच नाही. सेतू बांधताना समुद्रातली एक सोनेरी मत्स्यकन्या दगड पळवत असते, ती रावणाची मुलगी सुवर्णमच्छा, आणि हनुमान तिच्या प्रेमात पडतो. मी त्या चित्रापुढे कितीतरी वेळ उभी होते. आजीने सांगितलेली गोष्ट कोणीतरी दुसऱ्याच आजीकडून ऐकून रंगवली होती. सोन्याचा वर्ख इतका बारीक लावलाय की मान जरा कलती केली की एखादा रथ चमकतो आणि सरळ केली की विझतो. चौघींनी पळत पळत सेल्फी काढून तिथून निघून जाऊ नये, एवढी माझी मनापासून विनंती आहे.

तिथून चालत वाट फो. वाट म्हणजे देऊळ. ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध, त्याच्या तळपायांवर शिंपल्यांनी जडवलेली १०८ शुभचिन्हं. मागच्या बाजूला १०८ कांस्याचे वाडगे ओळीने ठेवलेत, थोडे पैसे देऊन सुटी नाणी घ्यायची आणि प्रत्येकात एकेक टाकत जायचं. त्या टणटण आवाजात चौघी आपोआप गप्प व्हाल. मग था तिएनच्या धक्क्यावरून होडीने पलीकडे वाट अरुण. अरुण म्हणजे आपलाच, सूर्याचा सारथी. त्याच्या शिखरावर चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे बसवून फुलं केलीत, लांबून ती नक्षी वाटते, जवळ गेलं की कपबशीची कड ओळखू येते.

खाण्याची तुझी काळजी रास्त आहे, पण उपाय सोपा आहे. एक शब्द पाठ कर: ‘जे’. पिवळ्या पाटीवर लाल अक्षर असतं, इंग्रजी सतरा आकड्यासारखं दिसतं. ती पाटी दिसली की आत मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, दूध नाही, कांदा-लसूणही नाही. दुकानदाराला ‘किन जे खा’ म्हण, म्हणजे ‘मी “जे” जेवण जेवते’. ‘व्हेज’ म्हणून सांगितलंस तर भाज्यांच्या ताटात माशाचा सॉस येईल, कारण तो तिथे मिठासारखा वापरतात. त्याचं नाव नाम प्ला. कच्च्या पपईच्या कोशिंबिरीतही तो असतो आणि वर सुकी कोळंबीही. ‘माय साय नाम प्ला’, म्हणजे नाम प्ला घालू नका. ‘माय साय खाय’, अंडं घालू नका. ‘मांगसविरात’ असाही एक शब्द ऐकू येईल. तो नीट कान देऊन ऐक, मांस आणि विरती आहे त्यात. पण त्यात अंडं चालतं, म्हणून तुला ‘जे’च. असोक स्टेशनच्या टर्मिनल २१ मॉलमधल्या फूड कोर्टात शाकाहारी गाळा आहे, कार्डावर पैसे भरायचे आणि उरलेले निघताना परत घ्यायचे. तिघींना हवं ते तिघी घेतील, तू तुझं, आणि टेबल एकच. फाहुरात ह्या भारतीय वस्तीत सोनेरी घुमटाचा गुरुद्वारा आहे, सकाळी लंगर असतो, आसपास समोसे आणि मिठायांची दुकानं. आणि रस्त्यावर काळ्या बिडाच्या, खळग्याखळग्यांच्या तव्यापाशी बाई बसलेली दिसली की थांब. आपल्या अप्पेपात्राची बहीणच ती. तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध ओतते, झाकण ठेवते, दोन अर्ध्या वाट्या चमच्याने सोडवून एकमेकींवर ठेवते. बाहेरून कुरकुरीत, आतून जवळजवळ पातळ. खनोम ख्रोक. तोंड भाजतं, तरी दुसरा घास लगेच घेतला जातो.

आईचं बोलणं मनाला लावून घेऊ नकोस आणि उडवूनही लावू नकोस. तिच्या मनातलं बँकॉक खोटं नाही. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी सैनिक सुट्टीसाठी थायलंडला यायला लागले, तेव्हा तो धंदा फोफावला आणि नाव जगभर झालं. आपल्याकडून पुरुषांचे घोळके कशासाठी जातात हेही तिने ऐकलेलं असणार. पण ते पातपोंग, नाना, सोय काउबॉय अशा काही गल्ल्यांत आहे. बाकीच्या शहरात लोक सकाळी आठला कामाला निघतात, मुलांना शाळेत सोडतात, भिक्षूंना भिक्षा घालतात. आईला शहराचं खरं नाव सांग. थाई लोक बँकॉक म्हणत नाहीत, क्रुंग थेप म्हणतात, देवांची नगरी. पूर्ण नाव पानभर लांब आहे, त्यात महानगर आहे, अमर आहे, रत्न आहे, महेंद्र आहे, अयोध्या आहे, आणि शेवटी विश्वकर्मा. १७८२ साली पहिल्या रामाने राजधानी वसवली, आज दहावा राम गादीवर आहे. एवढं सांगून झालं की हॉटेलचा पत्ता, फोन आणि विमानाचे नंबर कागदावर लिहून फ्रिजवर लाव, आणि रोजच्या फोनची वेळ ठरव. ते आपल्यापुढे दीड तास आहेत.

जिला रात्र बघायचीय तिच्याबरोबर तूही जा. याओवारात ह्या चिनी वस्तीत रात्री आठनंतर रस्ताच स्वयंपाकघर होतो, ते बघा. नदीवरून दिवे लागलेलं वाट अरुण बघा. सेंट्रलवर्ल्ड मॉलच्या बाहेर त्रिमूर्तीचं एक देऊळ आहे, प्रेमात यश मिळावं म्हणून तरुण मुलंमुली गुरुवारी रात्री साडेनऊला लाल गुलाब घेऊन तिथे येतात. शेजारीच गणपती आहे. होणाऱ्या नवरीला न्यायलाच हवं. नाइट मार्केटच्या गल्लीत ‘वर चला, प्रवेश फुकट’ म्हणणाऱ्या कोणाच्याही मागे जिना चढू नका. खाली उतरताना बिल हजारांत असतं आणि दारात दोन धिप्पाड माणसं उभी असतात. बारमध्ये काम करणाऱ्या मुलींचे चोरून फोटो काढू नका. त्यांतल्या कितीतरी तुमच्याच वयाच्या आहेत आणि गावी पैसे पाठवतात. रात्री कमीत कमी दोघी बरोबर, आपला ग्लास आपल्या हातात, आणि स्कायट्रेन मध्यरात्रीच्या सुमारास बंद होते हे लक्षात ठेवून निघणं. अडचण आलीच तर पर्यटक पोलिसांचा नंबर ११५५, तो आत्ताच चौघींच्या फोनमध्ये टाका.

खरेदीवालीला शनिवारी किंवा रविवारी सकाळी चतुचकला सोडा, मो चित स्टेशनला उतरून. हजारो गाळे आहेत, तिचं समाधान होईल. आत नेटवर्क असलं तरी एकमेकी सापडत नाहीत, तेव्हा मधल्या घड्याळाच्या मनोऱ्याखाली भेटायची वेळ आधी ठरवा. नीलम, माणिक, हिरे कुठेही घेऊ नका.

दोन गोष्टी जरा कडक शब्दांत. परतताना कोणी कितीही गोड बोलून ‘एवढं पार्सल मुंबईला द्याल का’ म्हणालं तर नाही म्हणायचं, मग तो आपल्या गावचा असला तरी. बँकॉकहून आलेल्या प्रवाशांच्या बॅगांतून गांजा पकडल्याच्या बातम्या मुंबई विमानतळावरून सारख्या येतात, आणि बॅग जिच्या हातात तिच्यावर गुन्हा लागतो. तिथल्या दुकानांवर गांजाच्या पानाच्या पाट्या दिसल्या तरी तिकडे फिरकू नका. दुसरं, राजाबद्दल चेष्टेतही बोलू नका, आपसात मराठीतही नको. तिथल्या कायद्यात त्यासाठी ३ ते १५ वर्षांची कैद आहे. सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला राष्ट्रगीत लागलं की सगळे थांबतात, तुम्हीही थांबा.

कागदपत्रांचं थोडक्यात: भारतीय पर्यटकांना जुलै २०२४ पासून व्हिसाशिवाय ६० दिवसांची मुभा मिळाली, पण असे नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढायच्या दिवशी मुंबईच्या थाई वकिलातीच्या संकेतस्थळावर बघ. १ मे २०२५ पासून डिजिटल आगमन कार्ड ऑनलाइन भरावं लागतं, पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत. ते फुकट आहे. पैसे मागणारं संकेतस्थळ खोटं समज.

तुम्ही अजून तारखा पक्क्या केल्या नसाल तर पंचांग उघड आणि कार्तिकी पौर्णिमा त्या पाच रात्रींत बसव. त्या रात्री तिथे लॉय क्राथाँग असतो. केळीच्या खांबाची जाड चकती, भोवती दुमडून टाचलेली केळीची पानं, वर झेंडू, तीन उदबत्त्या आणि एक मेणबत्ती. नदीकाठी बायका दुपारपासून बनवत बसलेल्या असतात. थर्माकोलचं घेऊ नका, पानांचंच घ्या. काही जण त्यात एखादं नाणं ठेवतात, नखाचा तुकडा किंवा केस ठेवतात, वर्षभराचं मनातलं काढून द्यावं म्हणून. मग पाण्यात सोडायचं आणि नदीची क्षमा मागायची. नदीदेवीला ते ‘फ्रा मे खोंगखा’ म्हणतात. मे म्हणजे आई, आणि खोंगखा म्हणजे गंगा. तुम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणता ना.

त्या रात्री चाओ फ्राया नदीच्या काठी साडेसात वाजतील तेव्हा नाशिकला सहा वाजलेले असतील. आई त्रिपुरीचा दिवा सोडायला घाटावर निघायच्या तयारीत असेल. तेव्हा तिला व्हिडिओ कॉल लाव, आणि फोन नदीकडे धर.

तुझी,
ताई